हिवताप हटला, हे कशावरून?



प्रयोगशाळेत तुम्ही स्क्रू गेज हाताळले असेल. तारेची जाडी मोजण्यापूर्वी शिक्षक सांगतात, की आधी दोन्ही टोके एकमेकांना टेकवा आणि शून्यावर शून्य येते का ते पाहा. येत नसेल तर तेवढी शून्य त्रुटी उत्तरातून वजा करा. दरवर्षी माझ्या वर्गातील काही विद्यार्थी ही पायरी गाळतात आणि मग तारेची दहा वाचने घेऊन सरासरी काढत बसतात. सरासरी मोठी देखणी येते, दशांश चिन्हापुढे तीन-तीन आकडे असतात, आणि उत्तर चुकलेले असते. दहाही वाचनांत तीच चूक बसलेली असल्यामुळे वाचने वाढवून ती जात नाही.

आता स्क्रू गेज बाजूला ठेवा आणि जंगलाच्या कडेला असलेल्या एका गावाची कल्पना करा. गावात हिवताप, म्हणजेच मलेरिया, फार आहे. गावकरी एकत्र येतात, डबकी बुजवतात, विहिरीत गप्पी मासे सोडतात, घरोघरी कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या टांगतात. ताप आला की लगेच रक्त तपासता यावे म्हणून गावातल्याच एका बाईंना शिकवून तयार करतात. वर्षअखेरीस ग्रामसभेत सांगितले जाते, "गेल्या वर्षी ८० रुग्ण, यंदा ४०. हिवताप निम्म्यावर आला!" टाळ्या पडतात. त्या पडायलाही हव्यात, कारण गावाने घाम गाळलेला असतो. पण शून्य त्रुटी तपासली का? गावाने काहीच केले नसते, तर यंदा किती रुग्ण झाले असते?

हा प्रश्न नुसता कुतूहलाचा नाही. आरोग्यावर खर्च करायला पैसा आणि माणसे नेहमीच कमी पडतात. जो उपाय उपयोगी नाही त्यावर ती खर्च झाली, तर जो उपयोगी आहे त्याच्या वाट्याला येत नाहीत. हिवतापाच्या बाबतीत याची किंमत बहुधा पाच वर्षांखालील मुले देतात.

आकडा आपोआप कसा उतरतो

काही न करताही रुग्ण कमी होण्याची पहिली वाट म्हणजे पाऊस. हिवताप पसरवणारी ॲनोफेलीस जातीची डासमादी साचलेल्या किंवा संथ वाहणाऱ्या पाण्यात अंडी घालते. पाऊस ओढून पडला तर डबकी लवकर आटतात. धो धो पडला तर अळ्या वाहून जातात. तपमानाचाही संबंध आहे. रोग्याच्या रक्तातून परोपजीवी डासात शिरल्यावर तो दुसऱ्या माणसाला देण्याजोगा होण्यास साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. हवा गार असेल तर हा काळ लांबतो आणि १६ ते १८ अंश सेल्सियसच्या खाली वाढ जवळजवळ थांबते. तेवढे दिवस डास जगला नाही, तर साखळी तुटली! म्हणून एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करताना आपण दोन पावसाळ्यांची आणि दोन हिवाळ्यांचीही तुलना करत असतो.

दुसरी वाट अधिक फसवी आहे. ती समजण्यासाठी वर्गात एक प्रयोग करा. तीस मुलांना एकेक फासा टाकायला सांगा. ज्यांना एक किंवा दोन पडले, ती मुले बाजूला काढा. त्यांची सरासरी दीडच्या आसपास असेल. त्यांच्या हाती खडूचा एकेक तुकडा द्या आणि गंभीर चेहऱ्याने सांगा, की हा मंतरलेला खडू आहे. मग पुन्हा फासे टाकायला लावा. सरासरी एकदम साडेतीनच्या जवळ जाईल. खडूने काय केले? काहीच नाही. आपण निवडलीच ती मुले, ज्यांचे फासे त्या खेपेला वाईट पडले होते. पुढच्या खेपेला ती सर्वसाधारण पातळीकडे सरकणारच होती.

गावांचेही असेच होते. योजना सुरू करताना अधिकारी साहजिकच ज्या गावांत गेल्या वर्षी रुग्ण सर्वांत जास्त, ती गावे निवडतात. त्यांतली काही खरोखर नेहमीच त्रस्त असतात, तर काहींचा फासा त्या वर्षापुरता वाईट पडलेला असतो. दुसऱ्या वर्षी आकडे उतरतात आणि खडू मंतरलेला ठरतो.

तिसरी वाट मोजणीच्या पद्धतीतूनच निघते. येथे एक उदाहरण सोडवा. गावाची लोकसंख्या १००० धरा. पहिल्या वर्षी ५० लोकांचे रक्तनमुने तपासले, १० दूषित निघाले. दुसऱ्या वर्षी गावातल्या बाईंनी मन लावून काम केले, २०० नमुने घेतले आणि २० दूषित निघाले. हिवताप वाढला की कमी झाला? हजार लोकसंख्येमागे किती रुग्ण, या हिशेबाला वार्षिक परजीवी दर म्हणतात. तो १० वरून २० झाला, म्हणजे हिवताप दुप्पट. शंभर नमुन्यांमागे किती दूषित, असे पाहिले तर २० वरून १० झाला, म्हणजे हिवताप निम्मा. एकाच नोंदवहीतून दोन विरुद्ध बातम्या!

दोन्हींवर एकदम विश्वास ठेवू नये. पहिल्या वर्षी थंडी वाजून कुडकुडणाऱ्यांचेच रक्त घेतले असेल, दुसऱ्या वर्षी साध्या तापाच्या माणसांचेही. म्हणूनच आपल्या देशात वर्षाकाठी लोकसंख्येच्या किमान दहा टक्के लोकांचे रक्त तपासले गेले पाहिजे, असा दंडक ठेवण्यात आला. तो पाळला गेला नसेल, तर परजीवी दराच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. या हिशेबात कामसू कार्यकर्ती 'हिवताप वाढवते' आणि आळशी कार्यकर्ती तो 'कमी करते', हेही लक्षात घ्या. कामाची परीक्षा नुसत्या रुग्णसंख्येवर घेणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः कागदावर करून पाहावा.

या तिन्ही अडचणींवर तोड एकच. काही गावांत उपाय करा, तशाच दुसऱ्या काही गावांत तो करू नका, आणि दोन्हीकडे एकाच काळात, एकाच पद्धतीने मोजा. पाऊस दोघांना सारखा, निवडीची पद्धत सारखी, मोजणारे सारखे. उरलेला फरक तो उपायाचा. तुलनेची गावे ही आपल्या स्क्रू गेजची शून्य त्रुटी दाखवतात. ऐकायला हे सोपे वाटते. पण डासाला गावची वेस कळत नाही.

डास किती दूर जातो?

सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परोपजीवीची वाढ दिसली, हे तुम्हांला ठाऊक आहे. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. डास हाच वाहक, तर डास कमी करा, असा रॉस यांचा आग्रह होता. त्याची परीक्षा लाहोरजवळच्या मियाँमीर छावणीत १९०२ पासून घेण्यात आली. खड्डे बुजवले, पाण्यावर रॉकेल टाकले, अळ्या मारल्या. तरी बराकींत डास येतच राहिले आणि ताप म्हणावा तसा हटला नाही. प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांचे मत पडले, की डास कमी करून हिवताप आवरणे व्यवहारात जमणारे नाही. रॉस यांचे म्हणणे असे, की साफ केलेला टापू लहान होता आणि काम पुरेसे नेटाने झाले नव्हते. वाद बराच पेटला.

रॉस हे डॉक्टर असले तरी त्यांना गणिताचे वेड होते. त्यांनी प्रश्न गणिताच्या भाषेत मांडला. डास जन्मतो तिथून कधी इकडे, कधी तिकडे भरकटत जातो. काही क्षेत्रातील अळ्या पूर्ण नष्ट केल्या, तर त्या क्षेत्राच्या मध्यभागी बाहेरून किती डास पोहोचतील?

तुम्ही नाण्याने हे करून पाहू शकता. छाप पडली की एक पाऊल उजवीकडे, काटा पडला की एक पाऊल डावीकडे. शंभर पावले टाकल्यावर तुम्ही शंभर पावले दूर गेलेले नसता, साधारणपणे दहाएक पावलांच्या टप्प्यात असता. हे अंतर पावलांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट दूर जायला चौपट पावले लागतात. म्हणून पाच-सहा किलोमीटर उडण्याची ताकद असलेला डाससुद्धा बहुधा आपल्या डबक्यापासून फार लांब सापडत नाही. अर्थात डास म्हणजे नाणे नव्हे. वारा त्याला वाहून नेतो आणि माणसाच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड व घामाचा वास त्याला ओढून घेतो. पण अंदाज बांधायला हे गणित पुरते.

रॉस यांनी आपला प्रश्न कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांपुढे ठेवला. पिअर्सन यांनी जुलै १९०५ मध्ये 'नेचर' या साप्ताहिकातून तो सर्व शास्त्रज्ञांना विचारला. डासाच्या जागी त्यांनी एक चालणारा माणूस कल्पिला आणि या चालीला जे इंग्रजी नाव दिले, त्याला आपण स्वैर चाल म्हणतो. लॉर्ड रॅले यांचे उत्तर लगेच आले. अनेक ध्वनिकंपने एकत्र आली की काय होते, हे गणित त्यांनी १८८० सालीच केले होते आणि ते हेच होते! त्याच १९०५ साली आइन्स्टाइन यांनी पाण्यात भिरभिरणाऱ्या सूक्ष्म कणांवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. बी. एस्सी.ला ब्राउनी गती शिकवताना मी हिवतापाची ही गोष्ट हटकून सांगतो. पदार्थविज्ञानाचा हा एक धागा डासांच्या डबक्यातून आलेला आहे.

आता समीकरणाशिवाय एक निष्कर्ष काढू. समजा, एक लांबलचक सरळ हद्द आहे. तिच्या अलीकडची सारी डबकी बुजवली, पलीकडची तशीच आहेत. हद्दीवरच्या घरात पूर्वी दोन्ही बाजूंनी सारखे डास येत. आता ते फक्त पलीकडून येतात. म्हणजे हद्दीवर डास निम्मे झाले, शून्य नव्हे. जसजसे आत जाल तसतसे ते कमी होतील. गाव लहान असेल तर त्याला 'आत' असे फारसे काही नसतेच, सारे गाव हद्दीवरच असते. मियाँमीरचे दुखणे यावरून उमगते.

याची उलट बाजूही आहे. पश्चिम केनियातील आसेम्बो भागात कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांची मोठी चाचणी झाली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत असे दिसले, की ज्या घरांना मच्छरदाण्या मिळाल्या नव्हत्या, पण जी मच्छरदाणीवाल्या घरांपासून सुमारे ३०० मीटरच्या आत होती, त्यांनाही संरक्षण मिळाले. मच्छरदाणीवर बसून मेलेला डास शेजाऱ्यालाही चावत नाही! एका दृष्टीने ही आनंदाची गोष्ट. पण एखाद्याने एकाच गावातील मच्छरदाणीवाल्या आणि बिनमच्छरदाणीच्या घरांची तुलना केली, तर त्याला फरक दिसणार नाही आणि तो म्हणेल, मच्छरदाणीचा उपयोग नाही. उपाय जितका चांगला, तितकी ही तुलना खोटी. म्हणून तुलना घराघरांत न करता गावागावांत करायची, आणि गावे एकमेकांपासून पुरेशी लांब घ्यायची.

तिग्रायमधील धरणे

हे सारे प्रत्यक्षात कसे करतात ते पाहण्यासाठी आपण इथिओपियाच्या उत्तरेकडील तिग्राय या डोंगराळ प्रदेशात जाऊ. पाऊस बेभरवशाचा, दुष्काळ पाचवीला पुजलेले. म्हणून तेथे शेतीसाठी पुष्कळ लहान लहान धरणे बांधण्यात आली. धान्य पिकू लागले, पण धरणाच्या काठाशी हिवताप वाढतो अशी शंका आली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ती तपासली आहे. अभ्यासाचे प्रमुख होते टेड्रोस अधानोम घेब्रेयेसुस, जे पुढे २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक झाले.

त्यांनी धरणापासून ३ किलोमीटरच्या आतली आठ वस्तीस्थाने घेतली आणि तुलनेसाठी धरणापासून ८ ते १० किलोमीटर दूरची आठ. म्हणजे डासाच्या नेहमीच्या टप्प्याच्या आत आणि टप्प्याच्या बाहेर. शिवाय दोन्ही गट समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर. उंची का, हे तुम्ही ओळखले असेल. उंची बदलली की तपमान बदलते आणि डासाच्या पोटातील परोपजीवीची वाढही बदलते. मग धरणाजवळच्या मुलांत महिन्याकाठी दर हजारी १४.० वेळा हिवताप आढळला, दूरच्या मुलांत १.९ वेळा. सात पटींहून जास्त. धरणे फोडा, असा याचा अर्थ कोणी काढू नये, कारण उपासमारीनेही मुले मरतात. पण धरणाच्या खर्चात हिवतापाचा खर्च धरलाच पाहिजे, एवढे यातून ठरले.

आयांची परीक्षा

याच तिग्रायमध्ये किदाने आणि मॉरो या दोघांनी घेतलेली चाचणी मला फार शिकवण्याजोगी वाटते. अडचण अशी होती, की दवाखाना लांब, पायवाटा डोंगराच्या, आणि लहान मुलाचा फाल्सिपेरम हिवताप दोन-तीन दिवसांतही प्राण घेऊ शकतो. मग औषध घरातच का असू नये? प्रत्येक वस्तीतील काही आयांना शिकवून तयार करायचे. त्यांनी शेजारच्या आयांना शिकवायचे, की हिवतापाची लक्षणे कोणती आणि क्लोरोक्विन ताबडतोब, कोणत्या वयाला किती द्यायचे. कल्पना साधी होती. तिच्यावर आक्षेपही तितकाच साधा होता. न शिकलेल्या आया औषधाचे प्रमाण चुकवतील.

तेथे काही गावे मिळून एक 'ताबिया' होतो. दोन जिल्ह्यांतील ज्या २४ ताबियांत हिवतापाचा त्रास सर्वांत जास्त होता, ते घेतले. येथे तुमच्या मनात फासे आणि खडू आले पाहिजेत! सर्वांत वाईट ते निवडले, म्हणजे पुढच्या वर्षी मृत्यू आपोआपही कमी होऊ शकतात. अगदी बरोबर. म्हणूनच त्यांनी 'आधी आणि नंतर' अशी तुलना केली नाही. सारख्या मृत्युदराच्या ताबियांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतील कोणत्या ताबियात आयांना शिकवायचे, हे दैवावर सोडले, चिठ्ठी टाकावी तसे. आपोआप जे काही उतरायचे, ते दोन्ही गटांत उतरणार होते. चिठ्ठीमुळे आणखी एक गोष्ट साधते. चांगला रस्ता, उत्साही पुढारी, शिकलेल्या बायका असलेली गावे योजनेत घालण्याचा मोह माणसाला होतो, चिठ्ठीला होत नाही.

मोजायचे काय? रक्तनमुन्यांची भानगड आपण पाहिलीच. त्यांनी पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू मोजले, मग कारण कोणतेही असो. मृत्यू हा कोणी किती नमुने घेतले यावर अवलंबून नसतो. जानेवारी ते डिसेंबर १९९७ या वर्षातील प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदला गेला. आता आकडे पाहा आणि भागाकार स्वतः करा. शिकवलेल्या १२ ताबियांत ६३८३ मुलांपैकी १९० मुले दगावली, म्हणजे हजारी २९.८. तुलनेच्या १२ ताबियांत ७२९४ पैकी ३६६, म्हणजे हजारी ५०.२. मृत्यू सुमारे ४० टक्क्यांनी कमी.

हा ४० चा आकडा किती पक्का? तेरा हजारांहून जास्त मुले होती, म्हणजे फार पक्का, असे म्हणू नका. एका ताबियातील सारी मुले एकाच ओढ्याचे डास खातात आणि एकाच शिकवणाऱ्या आईवर अवलंबून असतात. ती एकाच स्क्रू गेजची वाचने आहेत. चिठ्ठी मुलांसाठी टाकली नव्हती, ताबियांसाठी टाकली होती, म्हणून खरी वाचने १२ विरुद्ध १२ एवढीच. हे लक्षात घेऊन हिशेब केल्यावर खरी घट सुमारे २९ ते ५१ टक्क्यांच्या दरम्यान असावी असे निघाले. पट्टा रुंद आहे, पण शून्य त्याच्या जवळपासही नाही. एक योजनेचे गाव आणि एक तुलनेचे गाव घेऊन जे अहवाल लिहिले जातात, त्यांत मात्र योजना पूर्ण निरुपयोगी असली तरी 'आपले' गाव सरस ठरण्याचा संभव निम्मा असतो. नाणे उडवण्याइतका.

आणखी एक शंका राहते. मृत्यू कमी झाले ते हिवतापाचेच कशावरून? आया शिकल्या म्हणून स्वच्छता वाढली असेल, जुलाब कमी झाले असतील. यासाठी दर तिसऱ्या मृत्यूबाबत घरच्यांना ठरावीक प्रश्न विचारून कारणाचा अंदाज घेण्यात आला. शिकवलेल्या गटात ७० पैकी १३ मृत्यू हिवतापासारखे वाटले, म्हणजे १९ टक्के. तुलनेच्या गटात १२० पैकी ६८, म्हणजे ५७ टक्के. आता वही काढा. तुलनेच्या गटातील हजारी ५०.२ मृत्यूंना ६८/१२० ने गुणले, की हिवतापाचे सुमारे २८.४ येतात आणि इतर कारणांचे २१.८ उरतात. शिकवलेल्या गटात २९.८ ला १३/७० ने गुणले, की हिवतापाचे ५.५ आणि इतर कारणांचे २४.३. पाहा, इतर कारणांचे मृत्यू दोन्हीकडे जवळपास सारखे आहेत आणि जवळजवळ सगळा फरक हिवतापाच्या रकान्यात पडला आहे. हा गुणाकार मी माझ्या समाधानासाठी केला. तो नेमका धरू नका, कारण घरच्यांच्या आठवणीवर ठरवलेले कारण चुकू शकते. 'आम्ही औषध दिले होते, म्हणजे हिवताप नसणार' असे शिकलेल्या आईला वाटणेही शक्य आहे. तरी दोन वेगळ्या वाटांनी उत्तर एकाच दिशेला आले, हे महत्त्वाचे.

मग त्या ३६६ मुलांचे काय?

हा धडा वर्गात सांगितला, की एखादी मुलगी हा प्रश्न विचारतेच, आणि तो विचारलाच पाहिजे. तुलनेच्या ताबियांतही मृत्युदर हजारी २९.८ असता तर ७२९४ मुलांत सुमारे २१७ मृत्यू झाले असते. म्हणजे जवळजवळ १४९ मुले वाचली असती. केवळ चिठ्ठी दुसऱ्या बाजूची निघाली म्हणून ती गेली का?

माझे उत्तर असे आहे. हा हिशेब आपण वर्ष संपल्यावर करतो आहोत. वर्षाच्या सुरुवातीला आयांना औषध देणे उपयोगी ठरेल की घातक, हे खरोखरच माहीत नव्हते, आणि औषधाचे प्रमाण चुकले असते तर याच गणिताची चिन्हे उलटली असती. माहीत नसताना चिठ्ठी टाकणे न्याय्य आहे. माहीत झाल्यावर ती टाकणे मात्र अन्याय. आज मच्छरदाणीचा उपयोग होतो की नाही, हे पाहण्यासाठी एखाद्या हिवतापी गावाला मच्छरदाण्या नाकारणे कोणालाही मान्य होणार नाही. तरीसुद्धा तो १४९ चा आकडा लिहिताना माझा हात थोडा थबकतो, हे कबूल करतो.

शिवाय उत्तर मिळाले तरी ते कायमचे नसते. आयांच्या हाती दिलेले औषध क्लोरोक्विन होते. फाल्सिपेरम परोपजीवी त्याला दाद देईनासा झाला आणि २००४ साली इथिओपियाने आर्टेमिथर व लुमेफँट्रिन यांची जोडगोळी स्वीकारली. औषध बदलले की ४० टक्क्यांचा आकडाही जुना झाला. शिल्लक राहिली ती रीत.

आपल्याकडील गोष्ट

भारतात १९६५ च्या सुमारास हिवतापाचे नोंदलेले रुग्ण वर्षाला सुमारे एक लाखापर्यंत उतरले होते. १९७६ साली ते ६४ लाखांवर गेले. त्यानंतर १९७७ च्या सुधारित योजनेत गावोगावी औषध वाटप केंद्रे व ताप उपचार केंद्रे निघाली आणि ती बरीचशी शिक्षक व गावकऱ्यांनी चालवली. तुमच्या आजोबांच्या काळातल्या गुरुजींकडे क्लोरोक्विनच्या गोळ्यांचा डबा असे, तो याच योजनेतला. आज ते काम आशा ताई करतात. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासपट्टीवर पंधरा-वीस मिनिटांत निदान होते. गडचिरोलीसारख्या जंगली जिल्ह्यात याचे मोल काय आहे, ते तेथील मुलांना सांगायला नको.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातील नडियाद तालुक्यात १९८३ पासून कीटकनाशकांची घरोघर फवारणी न करता हिवताप आवरण्याचा प्रयोग झाला. डबकी बुजवणे, गप्पी मासे आणि घरोघर तापाची चौकशी, ही त्याची मुख्य अंगे. वापरात नसलेल्या विहिरींत थर्मोकोलचे फुगवलेले मणी टाकले, ही युक्ती मला पदार्थविज्ञानाचा माणूस म्हणून फार आवडते. मणी पाण्यावर तरंगून जाड थर धरतात. अळीला श्वासासाठी पृष्ठभागाशी यावे लागते, तेथे तिला जागाच मिळत नाही, आणि मादीला अंडी घालायला पाणी दिसत नाही. कोणतेही विष नाही, नुसती घनता. पण मण्यांची युक्ती कितीही आवडली, तरी विहिरीत अळी उरली नाही म्हणजे गावात ताप उरला नाही, असे होत नाही. गावाजवळ कालवा आणि भातखाचरे असतील, तर विहिरींचा वाटा किती, हे आधी शोधावे लागते.

करून पाहा

पावसाळ्यात शिक्षकांना बरोबर घेऊन हे करा. गावातील आठ वाड्या किंवा गल्ल्या निवडा, एकमेकींपासून शक्य तितक्या लांबच्या. प्रत्येकीत टाक्या, डबकी, टायर, रांजण मिळून वीस पाणसाठे घ्या. पांढऱ्या डावाने पाणी उचला आणि किती साठ्यांत अळ्या आहेत ते लिहा. ॲनोफेलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून असते. इतर नेहमीच्या डासांच्या अळ्या डोके खाली करून तिरक्या लोंबतात. खोल विहिरीजवळ एकट्याने जाऊ नका.

सारख्या आकड्यांच्या वाड्यांच्या चार जोड्या लावा, प्रत्येक जोडीसाठी नाणे उडवा. छाप पडलेल्या चार वाड्यांत सहा आठवडे दर रविवारी साठे रिकामे करा, घासून कोरडे करा, नाही तर झाका. शेवटची मोजणी करणारी मुले वेगळी असू द्या आणि कोणत्या वाडीत काम झाले हे त्यांना सांगू नका. मोजणी झाली की उरलेल्या चार वाड्यांचीही सफाई करून टाका. दर आठवड्याचा पाऊस नोंदवहीत लिहीत जा. आठही वाड्यांचे आधीचे आणि नंतरचे आकडे संपादकांकडे पाठवा. अळ्या कमी झाल्या नसतील, किंवा तुलनेच्याच वाड्यांत जास्त कमी झाल्या असतील, तरीही पाठवा.